मागितलं असतं तर दिलं असतं

माणूस कथा लिहितो तेव्हा नेमकं कुठे लबाडी करतो, हे मला कुठल्या प्राध्यापकाने शिकवलं नाही. एका मुख्याध्यापकाने शिकवलं. मी त्यांच्याकडे शिकायला गेले नव्हते, नोकरीला गेले होते. त्यांनी माझ्यावर कथा लिहिली, दिवाळी अंकात छापून आणली, आणि वर ती मलाच वाचायला लावली. काळ गेला की राग विरतो म्हणतात. ज्यांचा विरतो त्यांचा विरो. माझा मी नीट झाकून ठेवलाय, आणि अधूनमधून झाकण काढून बघतेही.

चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. मोठा दुष्काळ नुकताच मागे पडला होता. जालना तेव्हा जिल्हा नव्हता, औरंगाबादमधला तालुका होता. मी तीर्थपुरीकडची. डी.एड. झाले आणि नेमणूक मिळाली पार भोकरदन तालुक्यात, हसनाबाद ओलांडून पुढे. गावाचं नाव लिहीत नाही. भीती म्हणून नव्हे. त्या गावात मला जीव लावणारी माणसंही होती, एका माणसापायी सगळ्या गावाला कशाला नावं ठेवू?

बाबांनी एसटीत बसवून देताना सांगितलं, "कोनाच्या तोंडी लागू नको. नौकरी जपून कर. पन मान खाली घालून ऱ्हायचं काम न्हाई, बराबर?" ही दोन्ही कामं एकाच वेळी कशी करायची, ते काही त्यांनी सांगितलं नाही. गाडी सुटली. आमच्या घराण्यातली पगारावर सही करणारी मी पहिली, त्यामुळे त्यांना बहुधा वाटलं असेल की हेही मला डी.एड.ला शिकवलं असणार.

शाळा सातवीपर्यंतची. जूनचं ऊन अजून उतरलं नव्हतं. फाट्यापासून चालत गेले आणि शिक्षकांच्या खोलीत शिरले तेव्हा घशाला कोरड पडली होती. कोपऱ्यात तिवईवर माठ होता, माठावर झाकणी, झाकणीवर पेला, शेजारी ओगराळं. तहानलेला माणूस जे करतो ते मी केलं. ओगराळ्याने पेला भरला आणि प्यायले. खोलीत चार-पाच गुरुजी होते. सगळे एकदम वर्तमानपत्र वाचायला लागले.

दुसऱ्या दिवशी तिवई रिकामी.

"माठ गळून राह्यला बाई," शिपाई म्हणाला. तो माझ्याकडे न बघता तिवईकडेच बघत होता. "सरांनी अंदर नेऊन ठेवला."

अंदर म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीत. दार उघडंच होतं. गळका म्हणवलेला माठ तिथे शहाबादी फरशीवर बसला होता आणि त्याच्या भोवतालची फरशी कोरडी ठणठणीत होती. आठवडा संपायच्या आत प्रत्येक गुरुजींच्या टेबलावर घरून आणलेला फिरकीचा तांब्या दिसायला लागला. पितळी, घट्ट झाकणाचे, चकचकीत तांबे. लांबच्या प्रवासाला निघाल्यासारखे सगळे आपापलं पाणी जवळ घेऊन बसलेले.

आणि एक सांगते, त्यातलं कुणीही मला वाकडा शब्द बोललं नाही. "या बाई," "बसा बाई," "तुमचा वर्ग फार शिस्तीत असतो हो बाई," सगळं होतं. भांडायला तोंड उघडावं तर समोर भांडण नाहीच. नुसता एक माठ जागचा हललेला, आणि हलला का, तर गळतो म्हणून. मी पोरांबरोबर मैदानातल्या हापशावर पाणी प्यायले. दुष्काळात बसवलेला तो हापसा, त्याचा दांडा हाणताना जो आवाज व्हायचा तो सगळ्या शाळेला ऐकू जायचा. मला पाणी लागलं की सगळ्या शाळेला कळायचं. मी दातओठ खाऊन गप्प राहिले. बाबांचं पहिलं वाक्य पाळलं आणि दुसरं पुढे कधीतरी पाळू म्हणून ठेवून दिलं.

मुख्याध्यापकांची ओळख शिक्षक म्हणून कमी आणि कथाकार म्हणून जास्त. खादीचा झब्बा, खांद्याला शबनम, बोलणं हळू आणि गोड. दरवर्षी त्यांची एक तरी कथा कुठल्यातरी दिवाळी अंकात यायचीच. माणुसकी हा त्यांचा आवडता शब्द. त्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपवून आले तर त्यांनी स्वतः माझ्या वर्गाच्या दारात येऊन अंक हातात दिला.

"बाई, यात तुम्हीच आहात," ते म्हणाले. "पण गैरसमज करून घेऊ नका. फार आपुलकीनं लिहिलंय मी."

मी गावाबाहेर, आमच्याच लोकांच्या वस्तीतल्या एका म्हातारीच्या घरात भाड्याने राहायचे. एकटीच होती, मला लेकीसारखी वागवायची आणि लेकीसारखीच रागवायची. तिच्या अंगणात बसून मी ती कथा वाचली. खरं सांगते, पहिल्या वाचनाला माझे डोळे भरून आले. इतकी गोड कथा. एका खेड्यातली शाळा, तिथे नवी बाई येते, कथा सांगणारा 'मी' म्हणजे तिथला मुख्याध्यापक. बाई न विचारता माठातलं पाणी पिते. गुरुजी लोक अस्वस्थ होतात. 'मी'च्या काळजात कालवाकालव होते. शेवटी बाई हापशावर पाणी पिताना दिसते आणि 'मी'च्या डोळ्यांत पाणी येतं. पाण्यावरून पाणी. मला वाटलं, बघा, या माणसाला आतून किती लागलंय.

मग म्हातारी म्हणाली, "मला बी वाचून दाखव की. काय लिव्हलंय तुझ्याबद्दल?"

तिच्यासाठी मोठ्याने वाचायला लागले आणि माझं डोकं हळूहळू तापत गेलं. डोळ्यांनी वाचताना जे निसटतं ते तोंडाने वाचताना दाताखाली येतं. म्हातारी मधेच थांबवायची. "ती रात्री उशीवर रडली असावी" हे वाक्य आलं तसं ती म्हणाली, "तू कधी रडली? मी तर शेजारीच झोपल्ते."

मी रडले नव्हते. त्या संध्याकाळी मी पिठलं केलं होतं आणि आम्ही दोघींनी चापून खाल्लं होतं. पण कथेत मी 'रडली असावी'. 'असावी' म्हटलं की झालं. बघायला जायला नको, विचारायला नको. त्याच्या सोयीचं दुःख माझ्या उशीवर ठेवून तो मोकळा. पुढच्या पानावर "तिलाही आपली चूक उमगली असेल." अशी उमगलीही मला माझी चूक, माझ्या अपरोक्ष!

मग मी अंकावर पेन्सिल घेऊन बसले. आणि जे दिसलं ते असं. कथा सांगणारा स्वतः जे जे करतो, ते त्याला करावं लागतं. "मला माठ आत हलवावा लागला." "मला गप्प राहावं लागलं." "मला सर्वांचं मन राखणं भाग होतं." जणू कुणी त्याच्या मागे काठी घेऊन उभं होतं. काठी कुणाची, ते कथेत कुठेच नाही. गुरुजी लोक जे करतात ते नुसतं होतं: "कुजबुज झाली," "तांबे दिसू लागले." आणि बाई? बाईने जे केलं नाही त्याची मात्र सगळी यादी. "तिने एक शब्द विचारायला हवा होता." "तिने इथली रीत समजून घ्यायला हवी होती." "तिने थोडं थांबायला हवं होतं." त्याच्या वाट्याला लागलं-लागलं, आणि माझ्या वाट्याला हवं होतं-हवं होतं. एकजण बिचारा लाचार, दुसरी गुन्हेगार. शिवी एक नाही, आरोप एक नाही, सगळं मखमलीत गुंडाळलेलं. आख्ख्या कथेत एकच क्रियापद सरळ, नागडं, पळवाट नसलेलं होतं. 'ती पाणी प्यायली.' तेवढं मात्र त्यांनी अगदी खात्रीने लिहिलं होतं.

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे हे वाक्य: "तिने मागितलं असतं, तर मी माझ्या हाताने तिला पाणी दिलं असतं."

मी ते वाचलं आणि म्हातारी हसत सुटली. "बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात," ती म्हणाली. "जेवून घे मंग पोट भरून."

तरीही मी काही केलं नसतं. कथा आहे, चार माणसं वाचतील, रद्दीत जाईल. पण खेड्यातल्या शाळेच्या मुख्याध्यापकाची कथा छापून येते तेव्हा ती रद्दीत जात नाही. त्यांनी अंक शाळेच्या कपाटात ठेवला, सातवीच्या वर्गात वाचून दाखवला, पोरांना कथेचं तात्पर्य लिहायला सांगितलं. गावात लोक मला थांबवून म्हणायला लागले, "सरांनी लई सांभाळून घेतलं बरं का बाई तुम्हाला." जे घडलं होतं ते हळूहळू पुसलं जात होतं आणि जे त्यांनी लिहिलं होतं ते घडलेलं ठरत होतं.

माझ्या सातवीत वस्तीतली एक मुलगी होती. धीट, हिशेबात पक्की, कबड्डीत पोरांना लोळवणारी. एके दिवशी मधल्या सुट्टीत मी हापशाजवळ उभी होते. पोरं दांडा मारत होती, पाणी वाहत होतं, ज्याला हवं तो पीत होता. ही पोरगी येऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि हात मागे बांधून म्हणाली, "बाई, पानी पिऊ का?"

"अगं पी की. विचारतेस काय?"

"इचारायला पाह्यजे ना बाई," ती म्हणाली. "सरांच्या कथेत हाय तसं. आम्ही तात्पर्य लिव्हलं. न इचारता पेलं की चूक ऱ्हाती."

अंगाची लाहीलाही होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. माझा माठ हलवला, मी सोसलं. माझं रडणं खोटं लिहिलं, तेही सोसलं असतं. पण ती पोरगी वाहत्या हापशापुढे हात बांधून परवानगी मागत होती आणि आपण शहाण्यासारखं वागलो म्हणून खूश होती. तिच्या डोक्यातून ते तात्पर्य काढायचं होतं, आणि ते मी वर्गात चार शब्द बोलून निघणारं नव्हतं. बाईच्या शब्दापेक्षा मुख्याध्यापकांचा छापील शब्द मोठा. तो शब्द त्यांच्याच हातून मोडायला हवा होता. हे 'हवं होतं' माझं, पण तेवढं म्हणून मी बसून राहिले नव्हते, मी संधी शोधत होते.

संधी त्यांनीच ताटात वाढून दिली. जानेवारीत स्नेहसंमेलन. शिक्षण खात्यातले एक विस्तार अधिकारी पाहुणे येणार होते. त्या दिवसांत कथाकथनाचं फार वेड होतं, कुठलंही संमेलन त्याशिवाय पूर्ण व्हायचं नाही. मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावलं. माठ अजून तिथेच होता.

"बाई, माझ्या मनात आलं, ही कथा या वेळी तुम्हीच सादर करावी," ते म्हणाले. "तुमच्या तोंडून ती अधिक शोभेल. साहेबांनाही दिसेल की आपल्या शाळेत कुणाच्या मनात काही किल्मिष नाही."

म्हणजे मला माझ्याच चुकीची कथा माझ्याच तोंडाने गावाला सांगायची होती, आणि टाळ्या त्यांना. चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात ते असं. दुसरी एखादी असती तर तिथेच रडली तरी असती नाहीतर भांडली तरी असती. मी म्हणाले, "वाचते की सर. अक्षरही बदलत नाही."

"वा," ते म्हणाले. त्यांना खरोखरच आनंद झाला होता.

मी घरी येऊन म्हातारीला सांगितलं, संमेलनाला वस्तीतल्या सगळ्या बायांना घेऊन ये, आणि नेहमीसारखं मागे लिंबाखाली बसू नका, पुढे बसा. एवढंच सांगितलं. पुढचं माझ्याही मनात अर्धंच ठरलं होतं.

संमेलन दुपारी उन्हं कलल्यावर सुरू झालं. व्यासपीठ म्हणजे वर्गातली बाकं जोडून वर सतरंज्या टाकलेल्या. टेबलावर चादर, फुलदाणी, आणि पाहुण्यांसाठी पितळी तांब्या, तांब्यावर पालथा घातलेला पेला. वक्त्याचा घसा सुकला की कुणीही उठून घ्यावं अशी रीत. टेबलामागे मधे अधिकारी, त्यांच्या शेजारी मुख्याध्यापक, नवा झब्बा घातलेले. खाली पोरं, मग गावकरी, आणि सगळ्यांच्या पुढे, सरपंचांच्या खुर्चीच्या अगदी पायाशी, वस्तीतल्या बाया दाटीवाटीने बसलेल्या. शिपाई त्यांना मागे सरकवायला आला होता, पण म्हातारीने त्याला काय सुनावलं कोण जाणे, तो परत फिरला.

मी कथा वाचली. एक अक्षर बदललं नाही. फक्त वाचताना प्रत्येक 'लागलं' आणि प्रत्येक 'हवं होतं' नीट, सावकाश, घास चावून खावा तसं वाचलं. गावच्या माणसाला व्याकरण येत नसेल, पण कोण अंग काढून घेतंय हे बरोबर कळतं. पाटलाला, पंचाला, तलाठ्याला, सगळ्यांना त्याने याच बोलीत बोलताना ऐकलेलं असतं. हळूहळू चुळबूळ सुरू झाली. "माठ हलवावा लागला" या वाक्याला मागून कुणीतरी खाकरलं. मुख्याध्यापक मात्र डोळे मिटून मान डोलावत होते. स्वतःचीच वाक्यं ती, त्यांना गोडच लागत होती.

मग ते वाक्य आलं. "तिने मागितलं असतं, तर मी माझ्या हाताने तिला पाणी दिलं असतं."

मी अंक मिटला आणि त्यांच्याकडे वळले. "सर," मी म्हणाले, "पाणी द्या."

त्यांनी डोळे उघडले. आधी त्यांना वाटलं, माझा घसा बसला. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. अधिकारी मात्र कौतुकाने हसले. त्यांना वाटलं, हाही सादरीकरणाचाच भाग. "द्या, द्या," ते म्हणाले.

मुख्याध्यापक उठले. मी त्यांना पळवाट ठेवली नव्हती, पण संकटात टाकलं होतं असंही नाही. टेबलावर पेला होता. भरायचा आणि द्यायचा, बस. माझी खात्री होती की ते निमूटपणे देतील, हसून देतील, वर एखादं माणुसकीचं वाक्यही बोलतील, आणि मला दुसरं काहीतरी शोधावं लागेल.

त्यांनी पालथा पेला उचलला. तो बाजूला टेबलावर ठेवला. दोन्ही हातांनी तांब्या धरला, टेबलाला वळसा घालून माझ्यासमोर आले, आणि तांब्या उंच उचलून तिरका करून उभे राहिले. माझ्या ओंजळीची वाट बघत.

त्यांनी ठरवून केलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. ठरवून करायला वेळच नव्हता. त्यांच्या आईने, आजीने परसदारी ज्या उंचीवरून पाणी घातलं असेल, त्याच उंचीवर त्यांचा हात आपोआप गेला. तोंडाने माणुसकी शिकली होती, हाताला कुणी शिकवलं नव्हतं. मी दोन्ही हात सरळ खाली ठेवून उभी राहिले. ओंजळ केली नाही. पाण्याची धार निघाली, बाकावर पडली आणि सतरंजीत मुरली.

मग म्हातारी उभी राहिली. "अगं बया! गुरुजी वरून वाढून राह्यले!" ती कपाळाला हात लावून ओरडली. "अहो, पेला हाय की तिथं! जित्या पोरीला पेला चालंना का तुम्हाला?"

पोरं हसली. पोरांचं हसणं वाईट, ते सगळ्यांना सुटतं. गावकरी हसले, बाया हसल्या, सरपंचांनी तोंडावर उपरणं धरलं. मुख्याध्यापकांचा तांब्या तसाच हवेत. त्यांनी वर स्वतःच्याच हाताकडे पाहिलं, आणि तो हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसे दचकले. चेहरा खडूसारखा पांढरा पडला. घाईघाईने त्यांनी पेला भरला आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

"हातात द्या, सर," मी म्हणाले. "'माझ्या हाताने' असं लिहिलंय तुम्ही."

त्यांनी दिला. मी पेल्याला ओठ लावून, सावकाश, तळापर्यंत प्यायले, आणि पेला होता तसा पुन्हा तांब्यावर पालथा घातला. मग अंक उघडून कथेचं उरलेलं पान वाचलं. 'मी'च्या डोळ्यांत पाणी येतं ते शेवटचं पान. त्याला कुणी रडलं नाही. लोक पुन्हा हसले.

नंतर अधिकारी बोलायला उठले. मधेच त्यांनी तोच पेला उचलला, भरला, घटाघटा प्यायले आणि मिशा पुसल्या. त्यांनी मुद्दाम केलं की तहान लागली होती, मला माहीत नाही. पण त्यानंतर मुख्याध्यापकांना समारोप करायचा होता. त्यांचा आवाज फुटेना. दर वाक्याला खोकला. घसा पार वाळलेला, आणि हाताच्या अंतरावर तांब्या. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. घेतलं नाही. मी समोर पोरींच्या रांगेत बसून त्यांची तहान बघत होते. मला दया आली नाही. मला फार बरं वाटलं, इतकं बरं की मला वाटलं हे भाषण संपूच नये.

सोमवारी मधल्या सुट्टीत ती सातवीतली पोरगी धावत हापशावर आली, दोन पोरांना कोपराने बाजूला सारलं, नळाखाली तोंड धरलं आणि घटाघटा प्यायली. मला बघून तिने तोंड पुसलं, नुसती हसली, आणि पळाली. विचारलं नाही.

माठ काही परत तिवईवर आला नाही. पण फिरकीचे तांबे एकेक करून घरी गेले, आणि सगळेच गुरुजी हापशावर यायला लागले. त्यातल्या तरुण गुरुजींनी एकदा माझ्यासाठी दांडाही मारला. मुख्याध्यापक मला त्यानंतर एक शब्द वावगा बोलले नाहीत. जूनमध्ये माझी बदली अंबडकडे झाली. कुणाच्या शिफारशीने, ते विचारायची मला गरज पडली नाही. जाताना म्हातारी रडली आणि मला शिव्या दिल्या, की तू माझ्या घराला लळा लावून चाललीस.

ती कथा मात्र मला कायमची उपयोगी पडली. तेव्हापासून कुठलीही कथा हातात आली की मी सांगणाऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी बघत नाही. तो स्वतःला कोणत्या क्रियापदात बसवतो आणि समोरच्याला कोणत्या, ते बघते. पुष्कळ मोठमोठे दयाळू लेखक मी असे पकडलेत. मुलींना शिकवतानाही मी तात्पर्य विचारलं नाही कधी. विचारायचे, "यात कोणी काय केलं? फक्त केलं ते सांगा." पोरी गोंधळायच्या, मग एकेक वाक्य सोलून काढायच्या. बऱ्याचदा शेवटी हातात फार थोडं उरायचं.

तीन-चार वर्षांनी जालन्याच्या बसस्टँडवर ते मला भेटले. सेवेतून निवृत्त झाले होते. झब्बा तोच, शबनम तीच, मान थोडी वाकलेली. मला पाहून स्वतःहून जवळ आले. इकडची तिकडची चौकशी झाली. लिहीत नाहीत म्हणाले. हात चालत नाही म्हणाले, टेबलाशी बसलं की लाज वाटते.

"बाई," ते हळूच म्हणाले, "तुम्ही मला माफ करू शकाल का?"

त्यांच्या डोळ्यांत खरं पाणी होतं. मला ते दिसत होतं. मी विचार केला, अगदी प्रामाणिकपणे केला.

"शकेन," मी म्हणाले. "पण करणार नाही."

अंबडची गाडी लागली होती. मी पिशवी उचलली आणि आत जाऊन खिडकीजवळची जागा धरली.